रकाना चौथा : कूळ

आगरवाडी, ता. जि. रत्नागिरी
शनिवार, १९ जुलै २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

ती. सुमेधामावशीस,
श्रीपतीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी पडवीत बसून ओल्या वर्तमानपत्रांत दाबलेली रोपे कोरड्या वर्तमानपत्रांत हलवत होतो. हे काम रोज करावे लागते, नाहीतर रोपांना बुरशी येते. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरे.

बातमी अशी की, तहसील कचेरीसमोरच्या दस्तलेखकाकडचे काम मी सोडले. वर्षभर लोकांचे अर्ज लिहिले, सातबाराचे उतारे काढून दिले, पण पाठ आणि डोळे दोन्ही गेले. आता आमच्या सड्यावर, वरच्या उघड्या कातळपठारावर, एक पाहणी चालू आहे, तिथे मदतनीस आहे. डॉ. दिशा म्हणून मॅडम आहेत, मूळच्या नाशिकच्या, शिकल्या बंगळुरूला. सड्यावर पावसाळ्यात कोणकोणती रोपे उगवतात आणि दरवर्षी त्यात काय फरक पडतो, हे त्या मोजतात. यंदा दुसरे वर्ष आहे. मला वाटायचे, शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या. मॅडमच्या अंगावर इरले नाही एवढेच, बाकी सगळा थाट भातलावणीला निघालेल्या बाईचा.

काम असे आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी पाइपची चौकट आहे. ती कातळावर ठेवायची आणि तिच्या आत जे जे उगवले असेल ते मोजायचे. पहिल्या दिवशी मी चौकट निळ्या फुलांच्या गालिच्यावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, "उचल. चिठ्ठी काढ." सड्याच्या नकाशावर आकडे आहेत, चिठ्ठीत जो आकडा निघेल तिथेच चौकट ठेवायची. माझा आकडा निघाला तिथे नुसता काळा दगड होता. मी विचारले, "आता काय लिहू?" तर म्हणाल्या, "शून्य लिही." शून्य लिहिण्याचे पैसे मिळतात यावर आईचा अजून विश्वास बसत नाही.

मॅडम सध्या पंधरा दिवस बंगळुरूला गेल्या आहेत. मागे नोंदींची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे, त्यामुळे झोप लागत नाही. नोंदीचा कागद मराठीत छापलेला आहे. क्रमांक, तारीख, ठिकाण, कुळ, जाती, संख्या, शेरा. छापणाऱ्याने 'कुळ' ऱ्हस्व छापले आहे, ते मी प्रत्येक कागदावर शाईने 'कूळ' असे दीर्घ केले. हा रकाना भरायला बराच फिरलो. कुणाचे कूळ कोण हे घरोघर विचारून खात्री केली, ऐकीव लिहिले नाही. 'जाती'चा रकाना मात्र मी भरला नाही, ते मला योग्य वाटले नाही. रोपाचे नाव शेऱ्यात लिहितो.

तू मला नववीत जीवशास्त्र शिकवलेस. अकरावीत माझी शाळा सुटली, तेव्हा तू सर्वांत जास्त रागावली होतीस. म्हणून तुलाच विचारतो. हे असे बरोबर आहे ना? चूक असेल तर स्पष्ट लिही.

तुझा,
श्रीपती


पोफळी
२६ जुलै

चि. श्रीपतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. दुसऱ्यांदा काही हाती लागले नाही, म्हणून थोडी निराश झाले.

चिठ्ठी का काढायची ते नीट समजून घे. तुझ्यासारखा माणूस फूल दिसेल तिथे चौकट ठेवणार. मग अहवालात सगळा सडा निळा होणार आणि वाचणाऱ्याला वाटणार की कोकणात दगडच नाही. आपल्या आवडीला आत येऊ द्यायचे नाही, म्हणून चिठ्ठी. आणि शून्याला हसू नकोस. यंदा जिथे शून्य आहे तिथे पुढच्या वर्षी तीन रोपे आली, तर ती नवी आली हे तुझ्या शून्यामुळेच कळेल.

कुळाचा रकाना भरलास हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! मोठमोठी मुले तिथेच गडबडतात. गावातल्या माणसांना विचारून कूळ लावतोस, यातही वाईट काही नाही. जुन्या माणसांना बऱ्याचदा ही नाती चांगली ठाऊक असतात. फक्त त्यांचे म्हणणे हा अंदाज समजायचा आणि मग आपल्या डोळ्यांनी ताडून पाहायचे. फुलाच्या पाकळ्या मोज, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक ते पाहा. 'जाती' कोरी ठेवलीस तेही शहाणपणाचे. ते ठरवायला मॅडम आहेत.

तू अगदी बरोबर करतो आहेस. निर्धास्त झोप.

इथे कॉलनीत पाऊस मुसळधार आहे. माझ्या खिडकीवर शेवाळ इतके चढले आहे की तुझी चौकट इथे ठेवलीस तर महिनाभर हलवावी लागणार नाही.

सुमेधामावशी


आगरवाडी
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५, सकाळी साडेसहा. चूल पेटायच्या आधी.

ती. सुमेधामावशीस,
सा. न.

मावशी, घात झाला.

शुक्रवारी यज्ञेशभाऊ आले. सडा त्यांच्या मालकीचा, हे तुला माहीत आहे. रत्नागिरीत त्यांचे दुकान आहे आणि सड्याखाली कलमांची मोठी बाग आहे. स्कूटर अंगणात उभी केली, हेल्मेटही न काढता म्हणाले, "काय रे श्रीपती, माझ्या जमिनीला कुळं लावायला तुला कुणी नेमलं?"

मी म्हणालो, "भाऊ, ती पाहणी झाडांची आहे."

"झाडांची? मग झाडांना कुळं असतात?"

मावशी, झाडांना कुळे असतात हे मला माहीतच नव्हते. मी वर्षभर सातबारे काढले. ठिकाण, कूळ, जात हे शब्द एका ओळीत दिसले की माझ्या डोळ्यांपुढे जमिनीचाच कागद येतो. म्हणून मी चौथ्या रकान्यात ती जमीन कोण कसतो त्याचे नाव लिहिले. सड्याच्या कडेला विठूतात्या नाचणी करतात, त्यांचे नाव अकरा कागदांवर आहे. पलीकडे सोनूबाई गवत कापते, तिचे आहे. तुझ्या पत्राने मला इतका धीर आला की उरलेले कागदही मी त्याच दिवशी भरून टाकले.

आता वाडीत काय झाले आहे ऐक. कुणी म्हणतो मोठा प्रकल्प येतोय आणि ज्यांची नावे लिहिली त्यांना भरपाई मिळणार. काल सकाळी आमच्या अंगणात नऊ माणसे उभी होती. "माझं लावलंस का?" "माज्या आजोबांनी तितं कुळीथ पेरलेला, लिव की!" मी म्हणालो, हे तसे नाही. तर सोनूबाई म्हणाली, "विठूचं लावतोस नि आमच्या येळेला तसं न्हाय होय?" तिचे लावले आहे हे मी तिला सांगितले नाही, कारण भाऊ पुन्हा आले होते आणि मागे उभे राहून ऐकत होते.

मॅडम काल दुपारी आल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी पहिला कागद वाचला. 'कूळ : विठू बाबाजी. शेरा : जाती विचारणे बरे दिसले नाही.' त्या पायरीवर बसल्या आणि इतका वेळ हसल्या की आईने पाणी आणून दिले. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. एक कागद भरून दाखवायला हवा होता. आमच्या शास्त्रात कुळ म्हणजे रोपांचं घराणं, आणि जाती म्हणजे त्यातलं नेमकं रोप." मला आधी बरे वाटले. पण एवढ्यात भाऊंचा गडी निरोप घेऊन आला. भाऊंनी सड्यावरच्या वाटेला कुलूप लावले आहे. हा घोळ निस्तरेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचे नाही.

मॅडमचा चेहरा उतरला. सडा फुलतो तो एवढाच काळ. आता तीन-चार आठवडे मोजणी चुकली तर मागच्या वर्षाशी ताडून पाहायला यंदाचे काहीच राहत नाही. दोन वर्षांचे काम माझ्या एका दीर्घ उकारापायी पाण्यात जाईल. आणि माझे काम तर जाईलच.

१७ तारखेला देवळात बैठक आहे. मॅडम म्हणतात, मी बोलायचे. "मी बोलले तर त्यांना ते सरकारी वाटेल. लिहिलं तू, सांग तू." मावशी, मला दहा माणसांपुढे 'नमस्कार' नीट म्हणता येत नाही. आणि मी सांगू काय? ते घराण्याचे मला अजून पुरते कळलेले नाही. मी तिथे एक मूर्ख म्हणून उभा राहणार.

लवकर लिही.

श्रीपती


पोफळी
७ ऑगस्ट

चि. श्रीपतीस,
आशीर्वाद.

आधी माझी कबुली. 'कुणाचे कूळ कोण हे घरोघर विचारून खात्री केली', हे तू स्पष्ट लिहिले होतेस. मी मास्तरीण, म्हणून मला रकान्यात रोपेच दिसली. तू कारकून, म्हणून तुला माणसे दिसली. दोघांनी तोच शब्द वाचला. तेव्हा मूर्ख म्हणून एकट्याने उभा राहू नकोस, एक जागा माझ्यासाठीही ठेव.

हसून मात्र घेतले. शेजारच्या वहिनींना 'विचारणे बरे दिसले नाही' वाचून दाखवले, त्या आता जेवताना मध्येच हसतात.

आता कामाचे. शास्त्रज्ञ सजीवांचे गट पाडतात ते सोयीसाठी कपाट लावावे तसे नव्हे. ते नाते शोधतात. ज्यांचा मूळपुरुष एक, ते एका कुळातले. आणखी मागे गेलास तर अनेक कुळांचा मूळपुरुष एक निघतो, ती सगळी मिळून एक गण. असे मागे मागे जात राहिलास तर तू, तेरडा आणि बेडूक यांचाही एक पूर्वज निघतो. वंशावळच आहे ती, फक्त फार लांबलचक.

नाते ओळखायचे कसे? राहणी सारखी म्हणून नव्हे. तुझ्या सड्यावर दवबिंदूचे रोप आहे आणि सीतेची आसवे आहेत. दोन्ही किडे खातात, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत त्यांचे पोट भरत नाही. पण त्यांची कुळे वेगळी. फुलाची ठेवण पाहा, लगेच कळेल. हल्ली पेशीच्या आतला मजकूरही वाचतात, आणि पुष्कळदा जुना अंदाज चुकला असे निघते. मग शास्त्रज्ञ गपचूप कूळ बदलतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आमच्या कॉलनीत कुणाला शिकवायचे झाले तर मी फळा घेत नसे. वस्तू हातात देत असे. तूही भाषण करू नकोस. रोप ने आणि ते मधे ठेव. लोक रोपाकडे बघतील, तुझ्याकडे बघणार नाहीत, म्हणजे तुझी भीती अर्धी होईल. आणि विचारल्याशिवाय फार सांगू नकोस. तू घाबरलास की भरभरून बोलतोस.

सुमेधामावशी


आगरवाडी
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे. आताच सड्यावरून उतरलो, पाय धुतले आणि बसलो.

ती. सुमेधामावशीस,
सा. न.

सड्यावरून उतरलो असे लिहिले, त्यावरून काय ते समजलीस असशील. पण क्रमाने सांगतो.

काल देवळात पन्नासेक माणसे होती. गणपती जवळ आले म्हणून मुंबईची दोन-चार कुटुंबेही आधीच उतरली आहेत, तीही ऐकायला बसली. वाटेला कुलूप असल्यामुळे रोपे आणायची पंचाईत होती. भाऊंनी गडी बरोबर देऊन दोन रोपे उपटायची परवानगी दिली, "तिसरं नको" असे बजावून. पितळेच्या ताटात ओली माती घेऊन मी ती मधे ठेवली.

मी म्हणालो, "ही दोन्ही रोपं किडे खातात."

सोनूबाई पुढे सरकली. "झाड किडे खातंय? मंग आमच्या सुनंला दोन दे, रात्रीची दिव्यावर लय चिलटं येतात."

मी एक मुंगी दवबिंदूवर सोडली. ती चिकटली. सगळी डोकी ताटावर वाकली, पुजाऱ्यांनी बॅटरी आणली. माझ्याकडे खरेच कुणी बघत नव्हते. मग मी सांगितले की सीतेच्या आसवांचा सापळा मातीखाली असतो, बारीक पिशव्यांचा.

विठूतात्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मंग ह्ये दोगं भाव-भाव."

मी म्हणालो, "नाही तात्या. धंदा एक आहे, पण घराणं वेगळं. बाजारात दोघं जण मासे विकतात म्हणून ते काय एका घरचे होतात?" हे तू सांगितले नव्हतेस, मला तिथेच सुचले. मग फुले दाखवली. एकाला पाच सारख्या पाकळ्या, दुसऱ्याला ओठासारखे फूल आणि मागे काटा. "ज्यांचा मूळपुरुष एक त्यांचं कूळ एक. त्या कागदावर हे कूळ लिहायचं होतं. मी जमिनीचं लिहिलं. कुठलाही प्रकल्प नाही, भरपाई नाही, आणि कुणाचंही नाव कुठल्या कचेरीत गेलेलं नाही. चूक माझी आहे."

भरपाई नाही म्हटल्यावर तीन माणसे उठून गेली. मग मुंबईहून आलेल्या एकाने मुद्दाम विचारले, "मग माणसाचं कूळ कुठलं?"

तू म्हणाली होतीस विचारल्याशिवाय सांगू नकोस. आता विचारले होते. मी म्हणालो, "माणसाचं कूळ वेगळं, वानराचं वेगळं. पण गण एक."

"गण एक?" पुजारी म्हणाले, "मग पत्रिका जुळली की रे!"

देऊळ हसून हसून दणाणले. यज्ञेशभाऊ तेवढे हसत नव्हते. ते म्हणाले, "म्हणजे दरवर्षी माझ्या कलमांवर येतात ते भावकीचा हिस्सा न्यायला येतात होय?"

सोनूबाई म्हणाली, "भाऊ, आता सातबारावर लावून टाका त्यास्नी, म्हंजे मिटलं."

तेव्हा भाऊही हसले. डोळे पुसून म्हणाले, "रोपांची कुळं हवी तेवढी लावा. ती जमिनीवर हक्क सांगत नाहीत आणि कोर्टात जात नाहीत. उद्या कुलूप काढतो. पण ते कागद माझ्यासमोर दुरुस्त करायचे. खोडरबर घ्या, पांढरी शाई घ्या, काय ते घ्या."

मॅडमनी फाइल उघडली आणि त्या म्हणाल्या, "दुरुस्त करू. पण पुसणार नाही."

भाऊंचा चेहरा पुन्हा बदलला. मला वाटले, जमलेले सगळे विसकटले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे नोंद पुसत नाहीत. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. चूक लपवली तर पुढचा माणूस आमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास का ठेवील?" मग त्यांनी प्रत्येक कागदाच्या खाली लिहून दिले की या रकान्याचा जमिनीच्या हक्काशी काहीही संबंध नाही. भाऊंनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून आणि घालून, आणि मान हलवली.

रेघा मी मारल्या. पट्टी लावून मारल्या. विठूतात्या उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, त्यांच्या विडीचा वास येत होता. अकराही कागदांना ते तसेच उभे होते.

घरी जाताना ते माझ्याबरोबर चालत होते. ओढ्यापाशी थांबून म्हणाले, "श्रीपती, रेग मारलीस ती खालचं दिसतंय ना?"

मी म्हणालो, "दिसतं. तसंच ठेवायचं असतं."

"माज्या बापाशीनं ती नाचणी केलान, मी करतंय. कुटं कागदावर कदी आलं न्हाय. भाऊंशी भांडान मला करायचं न्हाय, त्ये वायट न्हायत. पन आठ दिस मी रोज सकाळी उटून म्हनायचो, आपलं नाव एका कागदावर हाय." मग हसले. "चुकून का व्हयना."

मी म्हणालो, "तात्या, मॅडमना विचारतो." आज सकाळी विचारले. त्या म्हणाल्या, "खालची टीप दिसली पाहिजे, मग त्यांना प्रत दे." दुपारी सड्यावर चौकट ठेवली तेव्हा तात्या नाचणीत होते. मी नऊ रोपे मोजली. कूळ मॅडमना विचारून लिहिले, जाती स्वतः ओळखली. तपासून मॅडमनी खाली खूण केली.

मॅडम म्हणतात काम पुढच्या वर्षीही आहे, आणि मी बारावीच्या परीक्षेला बाहेरून बसण्याचा अर्ज भरावा. तो भरताना मी प्रत्येक रकान्याचा अर्थ आधी विचारणार आहे.

हिशेब तुला कळवायचा असतो, तो असा. बैठकीचा चहा एकशे ऐंशी रुपये, तो मॅडमनी दिला. नवे कागद छापायला नव्वद, तेही मॅडमनीच. ताट घासायला आईची चिंच लागली, ती आईने मागितली नाही. तुझ्याकडून भिंगासाठी घेतलेल्या पाचशेपैकी दोनशे परत केले, तीनशे देणे आहे, पगार झाला की पाठवतो. विठूतात्यांच्या कागदाची झेरॉक्स, एक प्रत, दोन रुपये. ते मी देत होतो. तात्यांनी देऊ दिले नाहीत. नाणे स्वतः मोजून दुकानदाराच्या हातावर ठेवले आणि कागद दुमडू नये म्हणून दोन्ही हातांत आडवा धरून, पावसात त्यावर धरायला छत्री माझ्याकडे देऊन, घरापर्यंत तसेच चालत गेले.

तुझा,
श्रीपती